तुम्ही विचारलंत म्हणून : ऑब्जेक्टमधल्या मेथडचे गट कसे पाडायचे?

जावास्क्रिप्टमध्ये थोडं रुळल्यावर बहुतेक जण मला हे विचारतात: एकाच ऑब्जेक्टवर पंचवीस-तीस प्रॉपर्टी आणि मेथड साचल्या आहेत, त्यांचे गट पाडू का? ‘खेळाडू.स्थानसरकव()’ ऐवजी ‘खेळाडू.स्थान.सरकव()’ लिहिता आलं तर बरं वाटेल.

पाडा, जरूर पाडा. चार नावांच्या सुरुवातीला तोच शब्द यायला लागला की तिथे गट तयारच आहे. फक्त डेटाचा गट आणि मेथडचा गट एकाच हिशेबाने पाडू नका. डेटा एक पातळी खाली नेला तर त्याचा पत्ता लांबतो, एवढंच. मेथड खाली नेली की तिचा ‘धिस’ (this, म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते तो) बदलतो.

साध्या फंक्शनमधला ‘धिस’ ते कुठे लिहिलंय यावर ठरत नाही, कसं बोलावलंय यावर ठरतो. मेथडच्या नावाआधीच्या टिंबाच्या डावीकडे जे असेल, तो ‘धिस’. वरच्या उदाहरणात डावीकडे ‘खेळाडू.स्थान’ आहे. त्यामुळे ‘सरकव’मध्ये ‘धिस.क्ष’ (स्थानाचा आडवा आकडा) सापडतो, पण ‘धिस.वेग’ सापडत नाही, कारण वेग बाहेरच्या खेळाडूवर आहे. इथे एरर आली असती तर सोपं होतं. पण संख्येत अनडिफाइंड (नसलेली किंमत) मिळवलं की उत्तर नॅन (NaN, ‘संख्या नाही’) येतं आणि प्रोग्राम मुकाट पुढे जातो. पुढच्या प्रत्येक बेरजेत तोच नॅन पसरतो आणि चूक कळते ती भलत्याच ठिकाणी.

मग लोक ॲरो फंक्शनकडे (‘=>’ बाणाने लिहिलेलं फंक्शन) वळतात. त्याला स्वतःचा ‘धिस’ नसतो, तो आजूबाजूच्या कोडमधून उचलतो. नुसत्या ऑब्जेक्ट लिटरलच्या (महिरपी कंसात थेट लिहिलेल्या ऑब्जेक्टच्या) कंसाने नवा ‘धिस’ तयार होत नाही, म्हणून तिथे ॲरो लिहून ‘खेळाडू’ मिळत नाही. क्लासमध्ये ‘स्थान’ हे फील्ड लिहून त्याच्या आत ॲरो ठेवलं तर मात्र ‘धिस’ म्हणजे तो खेळाडूच, आणि वेग नीट मिळतो. याची किंमतही बघा. प्रत्येक खेळाडूसाठी ती फंक्शन नव्याने बनतात. दहा हजार खेळाडू आणि गटात चार मेथड, तर चाळीस हजार फंक्शन. शिवाय वारस क्लासने ‘स्थान’ फील्ड पुन्हा लिहिलं तर एक मेथड बदलत नाही, अख्खा गटच बदलतो.

ही फंक्शन वाचवायला गट प्रोटोटाइपवर (क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामायिक असलेल्या ऑब्जेक्टवर) ठेवणं त्याहून वाईट. मग सगळ्या खेळाडूंचं ‘स्थान’ एकच, एकाला सरकवलं की सगळे सरकले.

माझ्या मते टिकाऊ उत्तर म्हणजे गटाचा वेगळा क्लास. ‘स्थान’ क्लासकडे क्ष आणि य. खेळाडूच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नवं ‘स्थान’ बनवायचं. आणि वेग लागतो तो आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा: ‘खेळाडू.स्थान.सरकव(खेळाडू.वेग)’. अशा गटाला मालक माहीत असावा लागत नाही आणि त्याची चाचणी एकट्याने घेता येते. एखाद्या मेथडला दोन-तीन गटांतला डेटा लागत असेल, तर ती कुठल्याच गटाची नाही. ती बाहेर खेळाडूवरच राहू द्या. मालकाचा संदर्भ गटात ठेवणं खरोखरच अटळ असेल तर तो हॅश (#) लावलेल्या, क्लासबाहेरून न दिसणाऱ्या प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवा (जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या मानकापासून ही सोय आहे). साध्या प्रॉपर्टीत ठेवलात तर खेळाडूतून गट, गटातून पुन्हा खेळाडू असं चक्र होतं आणि ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारं जेसन.स्ट्रिंगिफाय टाइपएरर देतं.

गटातली मेथड सुटी काढून टायमरला दिली, तर डावीकडचं टिंब जातं आणि सोबत ‘धिस’ही. तिथे बाइंड करा (‘धिस’ कायमचा बांधून द्या), किंवा ॲरोमध्ये गुंडाळून पूर्ण पत्त्यानेच बोलवा.

गट पाडल्यावर प्रत काढण्याचे आणि गोठवण्याचे जुने मार्गही पुन्हा तपासा. तीन टिंबांचा स्प्रेड आणि ऑब्जेक्ट.असाइन वरवरची प्रत काढतात, आतला ‘स्थान’ दोघांत सामायिक राहतो. ऑब्जेक्ट बदलू न देणारं ऑब्जेक्ट.फ्रीझसुद्धा वरचीच पातळी गोठवतं. प्रत काढणारं स्ट्रक्चर्डक्लोन फंक्शन खोलवर जातं, पण गटात थेट फंक्शन ठेवलेलं असेल तर एरर देतं, आणि क्लासचं ऑब्जेक्ट असेल तर त्याच्या मेथड गळतात. म्हणून ‘स्थान’ क्लासला स्वतःची ‘प्रत()’ मेथड द्या, आणि खेळाडूची प्रत काढताना तिलाच बोलवा.