मी रडलो, मी रडले, रडू आलं

मराठी भाषा दिन उरकला की त्यानंतरच्या रविवारी आमच्या वाचक मंडळाची ही बैठक ठरलेली. एरवी मंडळ महिन्याला भेटायचंच, कधी चरित्र घ्यायचं, कधी प्रवासवर्णन. वर्षातून एकदा मात्र समलिंगी, ट्रान्सजेंडर माणसांच्या आयुष्यावरची पुस्तकं, आणि त्यांवर वाचकांनीच बोलायचं. वक्ता नाही, अध्यक्ष नाही, शाल-श्रीफळ नाही. व्याख्यान ऐकायचं तर नाशिकला वाण नाही, मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असतेच. इथं ऐकणाऱ्यांनी तोंड उघडायचं होतं, आणि घोडं तिथंच अडायचं.

सुरुवातीला वेळ सकाळी नऊची होती. रविवारी सकाळी नऊला अख्खं नाशिक मिसळीवर असतं, हे ठरवणाऱ्यांच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. दहापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि मागून येणाऱ्यांच्या बोटांना तर्रीचा वास. पुढं वेळ दुपारी साडेचारची झाली ती कायमची.

जागा म्हणजे गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेतला वरच्या मजल्यावरचा वर्ग. बाक भिंतीला सरकवून 30 खुर्च्या दोन गोलांत मांडायच्या, आत 12 आणि बाहेर 18. तिसांचा एकच गोल केला तर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि रांगा केल्या की मागचे प्रेक्षक होऊन बसतात. मध्यंतरानंतर आतले बारा बाहेर, बाहेरचे बारा आत. खाली फळ्यावर नुसतं 'वाचकांची बैठक' लिहायचं. हजेरीच्या वहीला त्या दिवशी सुट्टी.

पुस्तकांची तयारी सहा आठवडे आधी सुरू व्हायची. सहा प्रती, प्रत्येक प्रतीला चार वाचक, प्रत्येकाला दहा दिवस. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात पहिला वाचक पंचवीस दिवस पुस्तक धरून बसायचा आणि चौथ्याच्या हाती ते बैठकीच्या दोन दिवस आधी पडायचं. असा चौथा वाचक ओळखू यायचाच. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'बद्दल बोलताना कुणी कोचीचं वर्णन करायला लागलं, की समजायचं, पुस्तक उघडलेलं नाही. कादंबरी पुण्यात घडते. कोची आहे ती 2022 च्या सिनेमात.

कव्हरांचीही एक गंमत. पहिल्या वर्षी फक्त याच पुस्तकांना खाकी कागद घातला, बसमध्ये, घरात निवांत वाचता यावीत म्हणून. झालं उलटंच. महिन्याभरात खाकी कव्हर म्हणजे 'ते' पुस्तक, हे सगळ्यांना ठाऊक झालं. मग पेटीतल्या सगळ्याच पुस्तकांना, पाककृतीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत, तोच कागद लागला आणि प्रश्न मिटला.

बैठकीचा जीव होता चिठ्ठ्यांत. आल्या आल्या प्रत्येकाला ए-फोरचा चौथा हिस्सा कागद आणि निळं बॉलपेन. पेन मंडळाचंच, कारण हिरव्या शाईने लिहिणारं माणूस गावात एकच असतं. तीन-चार ओळी लिहायच्या, नाव घालायचं नाही, चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. तरीही पहिल्या दोन वर्षांत चिठ्ठी वाचली जाताना माना एकाच खुर्चीकडे वळायच्या. एक कारण अक्षर. त्यावर उपाय सोपा होता: मंडळाबाहेरचा कुणी कॉलेजचा विद्यार्थी शेजारच्या वर्गात बसून सगळ्या चिठ्ठ्या उतरवून काढायचा आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकायचा. तीस चिठ्ठ्यांना चाळीस मिनिटं. 'माझा बंगळूरचा भाचा' असं कुणी लिहिलं असेल तर उतरवताना 'घरातलं एक माणूस' करायचं.

दुसरं कारण मराठी व्याकरण. 'मी रडलो' की 'मी रडले' एवढ्यावर निम्मी माणसं गळतात, आणि उरलेल्यांत अंदाज बांधणं सोपं जातं. 'मी विचार करतो', 'मी घाबरते' यांचंही तेच. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात एक सूचना कायम असायची: 'रडलो-रडले नको, रडू आलं लिहा'. मराठीत अशा वाटा पुष्कळ आहेत. राग आला, पटलं नाही, लाज वाटली, आवडलं. 'मी पुस्तक वाचलं' हेही चालतं, कारण तिथं क्रियापद पुस्तकामागे जातं. 'मी वाचेन' यातूनही काही कळत नाही. शाळेत प्रयोग शिकताना वैतागलेली माणसं इथं कर्तरी-कर्मणीचा कीस पाडत बसायची, ते बघण्यासारखं असे.

पुस्तकांकडे बघायची नजरही यातूनच आली. 'कोबाल्ट ब्लू'त तनय आणि अनुजा ही भावंडं एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तनयचा भाग त्या भाडेकरूला उद्देशून 'तू' म्हणत लिहिलेला आहे. जेरी पिंटो यांच्या 2013 च्या इंग्रजी अनुवादात त्या 'तू'वरून काही कळायला मार्ग नाही. मराठीत आलास की आलीस हे लपवताच येत नाही, म्हणून वाचकाला जे काही वाटायचं ते पहिल्याच पानावर वाटतं. दोन्ही प्रती शेजारी ठेवून तेवढंच एक पान वाचलं, तर चर्चा आपोआप सुरू व्हायची. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या आत्मकथनाचं प्रकट वाचन करताना वेगळीच चूक व्हायची. लिहिणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठी वापरलेलं क्रियापद वाचणारा नकळत आपल्या मनातल्या क्रियापदाने बदलायचा. म्हणून वाचणाऱ्याशेजारी पुस्तकात बोट ठेवून बसणारा एक माणूस लागायचाच.

प्रकट वाचन एका वेळी चार पानांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. चार पानांना दहा मिनिटं लागतात, त्यानंतर खुर्च्या करकरायला लागतात. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधला प्रवेश घ्यायचा तर आवाज निदान तीन हवेत, आणि नमाची भूमिका वाचायला कुणी पुढं येत नसे. मित्रा या नायिकेची वाचायला मात्र चढाओढ. चेतन दातार यांचं '1, माधवबाग' सगळ्यांत सोयीचं, एकट्या आईचं बोलणं, एकच वाचक पुरतो. शिवाय वर्गातल्या आया तेव्हा बोलत्या व्हायच्या.

'हे सगळं हल्लीचं' असं कुणी म्हणालं की 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं, एवढं सांगितलं तरी पुरे. तरुण वाचकांची तक्रार वेगळी आणि जास्त खरी: जुन्या लेखनात अशा माणसाला शेवटी मरावंच का लागतं? याला चांगलं उत्तर कुणाकडे नव्हतं. काळाचा दाखला द्यायचो, पण तो अपुराच पडायचा.

2018 च्या निकालानंतरच्या वर्षी पुस्तकं बाजूलाच राहिली आणि दोन तास कोर्टावर गेले. पुढच्या वर्षापासून भिंतीवर एक कागद लावायला लागलो: 2009 दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, 2013 सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, 15 एप्रिल 2014 तृतीयपंथी ओळखीला मान्यता, 6 सप्टेंबर 2018 कलम 377 खाली प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. नंतर खाली 17 ऑक्टोबर 2023 आलं, समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार. तारीख विचारायची तर कागदाकडे बघा, वाद घालायचा तर पुस्तकावर घाला. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की 'कोबाल्ट ब्लू' 2006 चं, लक्ष्मीचं पुस्तक 2012 चं, म्हणजे दोन्ही 2018 च्या आधीची, आणि बोलणं पुस्तकाकडे वळायचं.

शब्दांवर घोळ दरवर्षी. सगळ्यांत फसवा 'उभयलिंगी'. कुणी तो दोन्हींकडे ओढ असणाऱ्यासाठी वापरतो, कुणी शरीररचनेसाठी, आणि दोघं वीस मिनिटं भांडल्यावर कळतं की बोलणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल चाललंय. वापरणाऱ्याने आधी अर्थ सांगायचा, हा नियम झाला. दुसरा नियम, 'तुम्ही यातलेच का?' हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. आडूनही नाही, कौतुकानेही नाही.

खाण्याला आधी चिवडा असायचा. तेलाचे डाग पानांवर उमटले, चिवडा बंद. हंगाम द्राक्षांचा, तीस जणांना तीन किलो पुरतात. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, धुऊन, फडक्यावर कोरडी करायची. ओली तशीच मांडली तर चिवड्यापेक्षा वाईट. चहाला दोन लिटर दूध.

फोटो एकच निघायचा: रिकाम्या खुर्च्या, मधल्या टेबलावर पुस्तकं आणि द्राक्षांचं ताट.

प्रती परत घेताना सहापैकी पाचच यायच्या. बहुतेक वेळा कमी असायचं ते बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर'. कुणाला फोन करायचा नाही, चौकशी करायची नाही. मार्चमध्ये नवीन प्रत आणायची, तिला खाकी कागद घालायचा, आणि नोंदवहीत जुन्या प्रतीपुढे 'हरवली' न लिहिता 'वाचनात' लिहायचं.