किशोरवयीन ठगाची कादंबरी : तिसऱ्या खर्ड्याची प्रगती

ठगाचे वय सोळा ठेवल्याने उभा राहिलेला मूळ पेच या खर्ड्यात मार्गी लागतो आहे. प्रौढ ठगाच्या गोष्टीत माणूस आधी असतो आणि सोंग त्याच्यावर चढते. माझ्या नायिकेला मात्र कळत्या वयापासून आईच नवनवी नावे देत आली असल्याने, सोंगे उतरवल्यावर खाली कोण उरते हे तिलाही ठाऊक नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण’ हा प्रश्न पौगंडावस्थेच्या केंद्रस्थानी ठेवला होता, आणि एरिक्सन हे आडनाव त्यांनी स्वतःच मोठेपणी धारण केले होते, ही बाब मला त्यांच्या सिद्धांताइतकीच कामाची वाटते.

फसवणुकीच्या प्रसंगांसाठी न्यूयॉर्कचा विल्यम थॉम्पसन समोर ठेवला आहे. १८४९ साली पकडला गेलेला हा गृहस्थ अनोळखी माणसाशी जुन्या परिचिताच्या थाटात बोले आणि ‘विश्वास ठेवून उद्यापर्यंत घड्याळ द्याल का’ असे सरळ विचारी. नाही म्हणण्याचा संकोच वाटून लोक ते देतही. माझी नायिका तर मागतही नाही. उसनी घेतलेली छोटी वस्तू ती वेळेआधी परत करते, मग मोठी वस्तू समोरचाच आपणहून पुढे करतो.

सर्वाधिक वेळ घेतला तो बिंग फुटण्याच्या प्रकरणाने. सोळाव्या शतकात फ्रान्समधील आर्तिगा गावी आर्नो द्यु तील हा, घर सोडून गेलेला मार्तँ गेर बनून आला, मार्तँच्या पत्नीसोबत तीनेक वर्षे संसार केला, आणि १५६० च्या खटल्यात खरा मार्तँ लाकडी पायाने न्यायालयात हजर झाला नसता तर बहुधा सुटलाही असता. मार्तँच्या जुन्या आठवणी आर्नो बिनचूक सांगत होता. मात्र जोडे शिवणाऱ्या कारागिराने साक्ष दिली, की मार्तँचा पाय याच्यापेक्षा मोठा होता. या साक्षीवरूनच मला धागा सापडला. नायिका प्रत्येक नावागणिक हस्ताक्षर बदलते, हसण्याची ढब बदलते, पण बुटाची नाडी नेहमी दोन फासे एकमेकांत अडकवूनच बांधते. मैत्रिणीच्या हे ध्यानात येते तेव्हा नायिकेला भीतीआधी हायसे वाटते, कारण न शिकवता तिच्यात टिकलेले असे काहीतरी प्रथमच कुणीतरी तिला दाखवलेले असते. हे स्पष्टीकरण कादंबरीत अर्थातच नाही. तिथे ती फक्त नाडी सोडून पुन्हा बांधते.

आईची प्रकरणे मागे ठेवली आहेत. तिला सरळ खलनायिका केले, तर मुलगी इतकी वर्षे तिच्यासोबत का राहिली हे पटणार नाही. म्हणून आधी त्या दोघींचा एक निखळ आनंदाचा दिवस लिहायला घेतो आहे.