आमची वाटचाल : भवानी पेठ ते क्योनिगग्रेट्स

आमच्याकडे हेल्मेट बनतात म्हटलं की पुण्यातला माणूस लगेच हेल्मेटसक्तीवर घसरतो. म्हणून आधीच सांगतो, आमच्या हेल्मेटच्या माथ्यावर पितळी टोक असतं आणि ते घालून स्कूटर चालवता येत नाही. प्रशिया, म्हणजे जर्मनीतलं एक जुनं राज्य. त्याच्या पायदळाचं चामडी शिरस्त्राण, ज्याला जर्मनीत पिकेलहाउब म्हणतात, ते आम्ही बनवतो. कारागीर त्याला नुसतं 'पिकल' म्हणतात. संध्याकाळी मी विचारतो, "आज किती पिकली?" नवा पोरगा असेल तर त्याला वाटतं आंब्याचं चाललंय.

वडिलांचं भवानी पेठेत दहा बाय बाराचं दुकान होतं. खोगीर, लगाम, कमरपट्टे. 2004 साली एक म्हातारे जर्मन गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत एक काळं, वाकडं काहीतरी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मुलगी चाकणला नोकरीला, हे तिला भेटायला आलेले. निवृत्त शिक्षक, बव्हेरियाचे. आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणतो, त्यांनाही तो शब्द आता कळतो. पिशवीत त्यांच्या पणजोबांचं हेल्मेट होतं, मागचा छज्जा उसवलेला. वडिलांनी शिवणीची जुनी भोकं मोजली, नवीन एकही न पाडता त्याच भोकांतून मेणाचा दोरा ओवला आणि दीडशे रुपये सांगितले. मास्तरांनी हेल्मेट डोळ्यांजवळ धरून दहा मिनिटं शिवण पाहिली. मग विचारलं, असं एक नवीन कराल का?

केलं. भिकार झालं. आम्ही क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं चामडं वापरलं होतं. ते साच्यावरून काढलं की दोन दिवसांत शिळ्या भाकरीसारखं वेडंवाकडं होतं. या धंद्यात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, क्रोमच्या नादी लागू नका. साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडंच पाण्यात भिजवून फर्म्यावर ओढलं की तो आकार धरून बसतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं तेच. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं, पाठीच्या भागाचं घ्यायचं. पोटाकडचं घेतलंत तर एका पावसाळ्यात पिशवी होते. कोमट पाण्यात भिजवायचं, आंब्याच्या लाकडाच्या फर्म्यावर ओढायचं, सुतळीनं आवळायचं आणि सावलीत, पुन्हा सांगतो सावलीत, चार दिवस सोडायचं. मग हाडाच्या घोटणीनं घोटायचं. नंतर जवसाचं उकळलेलं तेल आणि काजळी यांचे हात. प्रत्येक हात वाळला की घासायचा, मग पुढचा. सहाव्या हातानंतर त्यात ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसली पाहिजे. वाकडी दिसली की परत घोटणी.

पितळेचं काम आमच्या हातचं नव्हतं. तिथे अण्णा आले. तांबट आळीतले, तोवर बंब आणि घंगाळी घडवलेले. मठारकाम असं की ठोक्याशेजारी ठोका मोजून घ्यावा. टोक त्यांनी पहिल्या आठवड्यात काढलं. दोन महिने गेले ते समोरच्या गरुडात. प्रशियाचा गरुड म्हणजे पंख पसरलेला, छातीवर 'एफ आर' म्हणजे 'राजा फ्रेडरिक'ची लॅटिन आद्याक्षरं, पंखांवरून गेलेल्या पट्टीवर 'देवासह, राजासाठी आणि मातृभूमीसाठी' या अर्थाची जर्मन अक्षरं. अण्णांनी पोलादी ठसा स्वतः कोरला, उलटी अक्षरं आरशात बघून. त्यांना जर्मन येत नव्हतं, मलाही नव्हतं. शेवटच्या दिवशी छिन्नी घसरली आणि डाव्या पंखाचं तिसरं पीस टोकाशी आखूड झालं. तांदळाच्या दाण्याएवढं. अण्णा म्हणाले, "ठसा मोडतो, नवा करतो." मी म्हणालो, "अण्णा, कोण बघतंय? चालतंय." तापवून नरम केलेला पत्रा हातप्रेसखाली घातला, पहिला गरुड निघाला आणि आम्ही पेढे वाटले.

मास्तरांनी मात्र पीस पाहिलं. त्यांच्या पत्रात मालाच्या किमतीआधी चुकांची यादी असे. हे टोपडं पहिल्या महायुद्धाचं, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं की चिडायचे. राजाच्या हुकुमाने ते 1842 मध्ये आलं, म्हणजे 1914 ला 72 वर्षं जुनं होतं. सुरुवातीला उंचच उंच, मग टप्प्याटप्प्याने बसकं होत गेलं. तोफखान्याला टोकाऐवजी गोळा. बव्हेरियावाले तर 1886 पर्यंत माथ्यावर काळ्या केसाळ तुऱ्याचं शिरस्त्राण घालत, त्याला जर्मनीत सुरवंट टोपीच म्हणतात. त्यांचा राजा दुसरा लुडविग मेला आणि मग कुठे टोक त्यांच्या डोक्यावर आलं. हे सगळं मला आमच्या मालाच्या परतीमधून शिकायला मिळालं. त्यांचं म्हणणं असं की साल विचारल्याशिवाय हेल्मेट विकणारा माणूस वाणी आहे, कारागीर नाही. तेव्हा राग आला होता.

पुढची दहा वर्षं बरी गेली. माल गेला, पैसे आले. कमरपट्टे, काडतुसांच्या पेट्या, केसाळ वासराच्या कातड्याचे पाठपिशवे. पट्ट्याच्या बकलावर जर्मन सिल्व्हरची चकती झाळायची असते. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे अॅल्युमिनियम, हे मास्तरांना सांगितल्यावर ते इतके हसले की चहा सांडला. कोट आम्ही शिवत नाही. एकदा शिवून पाहिला, लाल कॉलर गळ्याशी बसेना, नाद सोडला.

आता मुख्य गोष्ट. 3 जुलै 1866 ला क्योनिगग्रेट्सला प्रशियाने ऑस्ट्रियाला हरवलं. प्रशियाच्या शिपायाकडे मागून भरायची सुईची बंदूक, आडवं पडून भरता येणारी. समोरचा बंदुकीच्या तोंडाकडून गज ठोकतोय, म्हणजे बहुधा उभाच. आज ती जागा झेक प्रजासत्ताकात आहे. 2016 ला त्या लढाईची 150 वर्षं, वेशभूषा करून लढाई उभी करणारी मंडळी युरोपभरातून जमणार. जर्मनीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याने आमच्याकडे 140 हेल्मेटं मागितली. आमची आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर. फोटो पाठवला, "असंच." आम्ही आगाऊ रक्कम 20 टक्के घेतली. (50 घ्या. हात जोडून सांगतो, 50 घ्या.)

त्याच सुमारास, 2015 च्या मार्चमध्ये, महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. बरोबर-चूक मी सांगत नाही, पण आमच्यासारख्यांचं चामडं अडलं, कोल्हापूरच्या चपलावाल्यांचंही. म्हशीचं करून पाहिलं. रवा जाड, काजळीच्या सहाव्या हातानंतरही संत्र्याच्या सालीसारखं दिसे. शेवटी तामिळनाडूचं चामडं आणलं, भाड्यासकट. घर गहाण टाकलं. बायकोने सही केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीत माल बोटीवर चढला. मास्तरांना कौतुकाने फोटो धाडला. उत्तर एका ओळीचं होतं: "छज्जा गोल का?"

फोटोतलं हेल्मेट 1867 च्या नमुन्याचं होतं. त्या साली प्रशियाने पायदळाचा पुढचा छज्जा गोल केला, टोकाखालची फुलीसारखी बैठक जाऊन गोल तबकडी आली. 1866 चा शिपाई चौकोनी छज्जा आणि फुलीची बैठक घालून लढला. म्हणजे आम्ही 140 माणसांना एक वर्ष पुढे जन्माला घातलं होतं. तुम्हाला वाटेल, एक वर्षाने काय बिघडतं? त्या मंडळींना विचारा. ते बटणं मोजतात. व्यापाऱ्याने माल नाकारला. फोटो त्याचाच होता, हे मी चार वेळा लिहिलं. त्याचं म्हणणं, तज्ज्ञ तुम्ही. उरलेले 80 टक्के आजतागायत आलेले नाहीत. परतीचं भाडं मालापेक्षा जड, म्हणून माल तिथेच एका गोदामात कुजत पडला.

आणि मेमध्ये त्याच व्यापाऱ्याने ऑर्डर दुसऱ्या एका भारतीय कारखानदाराला दिली. नाव घेत नाही. आमच्या निम्म्या भावात, सहा आठवड्यांत. मी म्हटलं, असेल बाबा मोठं यंत्र. जुलैत मास्तर स्वतः रणभूमीवर गेले आणि तिथून एक हेल्मेट विकत घेऊन पाठवलं. चामडं क्रोमचं, कवटी आत्ताच चिमलेली. अण्णांनी गरुड हातात घेतला, चष्मा वर केला आणि बोट डाव्या पंखावर ठेवलं. तिसरं पीस आखूड.

आमचाच गरुड घेऊन त्यावरून मातीचा साचा काढून ओतला होता. ओतीव पितळ निवताना आकसतं. आमचा गरुड पंखापासून पंखापर्यंत 125 मिलिमीटर, त्यांचा 123. आमच्या पत्र्याची मागची बाजू पोकळ आणि गुळगुळीत असते, त्यांची खरबरीत, वाळूची. अण्णा चिडले ते चोरीवर नव्हे. "चोरायचं तर चोर, पण ओततोस काय, भिकारड्या!" असं म्हणून तो गरुड त्यांनी बाकड्यावर आपटला. वकिलाकडे गेलो. त्याने विचारलं, हा गरुड तुमचा का प्रशियाच्या राजाचा? मी परत आलो.

दीड वर्ष कारखान्यात तिघंच होतो. त्या काळात दुसऱ्या महायुद्धाचा माल करा म्हणून पुष्कळ चौकशा आल्या, पैसाही बरा होता. जर्मनीत ती चिन्हं मिरवणं गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी आम्ही केलं नसतं. मास्तरांनी त्या दीड वर्षात अकरा हेल्मेटं घेतली, कुणासाठी ते आम्ही कधी विचारलं नाही. 2017 ला ते आम्हाला इंगोलश्टाटच्या बव्हेरियन लष्करी संग्रहालयात घेऊन गेले. अण्णा पहिल्यांदा विमानात बसले. काचेपलीकडच्या हेल्मेटांसमोर अण्णा वाकून वाकून झाळ बघत होते, पहारेकरी दोनदा येऊन गेला. तिथून आल्यावर आम्ही प्रत्येक नमुन्याला एक वही केली, पहिल्या पानावर साल. आता साल लिहून आल्याशिवाय आमच्याकडे चामडं भिजत नाही.

घर सुटलं, ते कसं ते लिहिण्यासारखं नाही. पट्टे विकून सुटलं.

मागच्या वर्षी मास्तरांचा संदेश आला, सोबत दुवा. एका लिलावात '1860 च्या दशकातलं अस्सल प्रशियन हेल्मेट' लावलेलं. काळा थर मुद्दाम तडकवलेला, पितळ आम्लाने खाल्लेलं, आतल्या चामडी पाकळ्या चहात बुडवलेल्या. डाव्या पंखाचं तिसरं पीस आखूड. आधी वाटलं त्या कारखानदाराचंच. मास्तरांनी माप मागवलं, 125 आलं. मागची बाजू पोकळ. आमचंच होतं, सुरुवातीच्या खेपांमधलं. मास्तरांनी ठशाचा फोटो पाठवून ते लिलावातून काढायला लावलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कवटीच्या आत, घामपट्टीखाली, साल आणि 'पुणे' असा ठसा मारतो.

संध्याकाळी अण्णांना दाखवलं. आता त्यांना दिसायला कमी आलंय, मोबाइल नाकाशी धरून पाहत बसले. मग विचारलं, "कितीला लावलं होतं?"

"दोन हजार युरो."

"आपण कितीला दिलेलं?"

"साडेचार हजार रुपये, अण्णा."

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "आणि म्हणे ठसा मोडू नका."