आईची फुंकायची टेस्ट आणि चार खेपा

केसपेपरवर लिहिलेला तो शेरा अजून डोळ्यांसमोर येतो : पेशंट सहकार्य करत नाही. माझी आई ६७ वर्षांची. जन्मात कधी डॉक्टरांपुढं आवाज चढवला नाही तिनं.

आई तासगाव तालुक्यात गावी असते, मी सांगलीत. दीड वर्ष ती फोनवर म्हणायची, "दमायला होतंय गं." गावातल्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ अशक्तपणा असा घेतला, रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. मीही तसाच घेतला. दमणं वेगळं आणि दम लागणं वेगळं, हे आम्हा दोघींनाही वेळेत सुचलं नाही. गणपतीत तासगावच्या रथाला ती आली नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रथाच्या दोराला हात लावल्याशिवाय तिचं वर्ष जात नाही. "गर्दीत जीव घाबरा होतो," म्हणाली. मळ्याच्या वाटेवर तिच्यासोबत चालून बघितलं, तर चिंचेखाली थांबली, पुढं बांधावर परत थांबली.

सांगलीतल्या छातीच्या डॉक्टरांनी तिला काय होतंय हे कमी विचारलं आणि काय करायचं सोडलंय हे जास्त. सपाट रस्त्यावर बरोबरीच्या बायकांसोबत चालता येतं का? साधारण १०० मीटरवर थांबावं लागतं का? लुगडं नेसताना धाप लागते का? यावरून ते ० ते ४ अशी दम लागण्याची पायरी ठरवतात, ४ म्हणजे सगळ्यात जास्त. आई ३ वर होती. आडवं पडल्यावर धाप वाढते का, रात्री उशा किती लागतात, पाय सुजतात का, हेही विचारलं, कारण हृदय कमजोर असलं तरी दम लागतो. ईसीजी, एको, एक्स-रे, रक्त दोन दिवसांत झालं. हृदय चांगलं निघालं. रक्त थोडं कमी होतं, पण एवढा दम लागण्याइतकं नाही. एक आराम पडेल असा तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) त्यांनी दिला आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायची टेस्ट करून आणायला सांगितलं.

खर्च कमी म्हणून आम्ही मिरजेतल्या एका दवाखान्यात गेलो. पहिल्या खेपेला खिडकीवर कळलं की मशीन चालवणारा माणूस आठवड्यातून दोनच दिवस येतो. हे फोनवर विचारलं होतं, तेव्हा "या की" एवढंच उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या खेपेला तीन तास बाकावर बसल्यावर विचारलं, "आज्जी, सकाळी पंप घेतला?" घेतला होता. परत पाठवलं. साधा आरामाचा पंप टेस्टआधी निदान ४ ते ६ तास घ्यायचा नसतो, आणि लांब परिणामाचे १२ तास, काही तर २४ तास किंवा जास्त. कुठला किती वेळ थांबवायचा ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनानं थांबवू नका. आणि मध्येच जोरात धाप लागली तर पंप घ्याच, टेस्ट नंतर होईल. हे एक वाक्य अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर छापायला काय जातं? पहाटेची एसटी धरून आलेली म्हातारी माणसं त्या बाकावर बसलेली असतात.

तिसऱ्या खेपेला एकदाची नळी तोंडात मिळाली. नाकाला चिमटा, समोर स्क्रीन, आणि तो मुलगा ओरडायला लागला, "फुंका, फुंका, फुंका, अजून!" आई घाबरली. कमरेला लुगडं घट्ट कसलेलं, त्यात पूर्ण श्वास कुठून भरणार? ओठांच्या कडेनं हवा सुटत होती. तीन प्रयत्नांनंतर त्यानं तो शेरा मारला आणि पुढच्या पेशंटला हाक दिली. मी भांडले. उपयोग झाला नाही. एसटीत आई म्हणाली, "माझ्यानं न्हाई व्हायचं बाई, जाऊ दे." त्या वाक्याचा राग मला आजही त्याच माणसावर आहे.

घरी येऊन मी पुठ्ठ्याची नळी केली आणि म्हणाले, "आई, ही फुंकणी समज. चूल विझत आलीय." तिनं छातीभर श्वास घेतला, ओठ गच्च मिटले आणि असं फुंकलं की पुढ्यातली वर्तमानपत्राची घडी उडाली. तिला फुंकता येत नव्हतं असं नाहीच, चाळीस वर्षं तिनं दुसरं काय केलं? अट एवढीच, की एका दमात जोरात सोडायचं आणि पुढं निदान सहा सेकंद सोडत राहायचं. चार दिवस सराव केला. चौथ्या खेपेला दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. लुगड्याची गाठ सैल केली, पोटभर जेवण टाळलं. आधी फुंकली, मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकली. पहिल्या सेकंदात सुटलेली हवा आणि एकूण सुटलेली हवा यांचं गुणोत्तर ०.५८ आलं. पंपानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासनळ्या कायमच्या अरुंद झाल्याचं धरतात. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. आईनं विडी कधी ओढली नाही, पण चुलीचा धूर आयुष्यभर ओढला. बाईमाणूस आणि विडी नाही म्हणून हा आजार नसेल, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

राहिलंच : मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक नुकताच झाला असेल तर टेस्टआधी सांगा. तेव्हा एवढ्या जोरानं फुंकणं धोक्याचं असतं.

पुढचं सोपं गेलं. पंप आता स्पेसर, म्हणजे पुढं जोडायची पोकळ नळी, लावून घेते. आधी निम्मं औषध जिभेवरच राहायचं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरते. शेजारच्यांनी ऑक्सिजनचं मशीन विकत घ्या म्हणून मागं लावलं होतं. आईचा ऑक्सिजन ९४ होता, डॉक्टर नको म्हणाले. ऑक्सिजन ठीक असतानाही दम लागू शकतो आणि सीओपीडीत विनाकारण जास्त ऑक्सिजन देणं घातकही ठरतं. धाप लागली की बसून पुढं वाकायचं, कोपरं मांडीवर टेकवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि दिवा फुंकल्यासारखा ओठांतून हळू सोडायचा. भाकरी आता ओट्यापाशी स्टुलावर बसून, गॅसवर. चूल मी फोडायला लावली, त्यावरून आठवडाभर अबोला होता.

एक मात्र थांबून बघायचं नाही : अचानक धाप, ओठ निळे, छातीत दुखणं, किंवा वाक्य पुरं बोलता न येणं. तेव्हा सरळ १०८ ला फोन.

आणि बॅटरीवरचा छोटा पंखा घ्या. नाकातोंडावर गार वारा लागला की धाप कमी वाटते, डॉक्टरांनीच सांगितलं. मला पटलं नव्हतं. आई आता तो पिशवीत टाकून मळ्यात नेते. चिंचेखाली अजून थांबते, बांधावर नाही.