नाशिकला जाऊन येतो

"नाशिकला जाऊन येतो," एवढंच सांगून आम्ही दोघी निघालो. नाशिक म्हटल्यावर सासूबाईंनी काळारामासाठी अकरा रुपये हातावर ठेवले. नणंदबाई माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे. खोटं कुणीच बोललं नव्हतं. सुलाफेस्ट, म्हणजे सुला वाईनवाल्यांचा वाईन-गाण्यांचा उत्सव, तोही नाशिकलाच असतो, २००८पासून.

कल्याणला सकाळी तपोवन पकडली. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं. इथून इगतपुरीपर्यंत ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ. लहानपणी तो मागचा धक्का बसला की आम्ही टाळ्या वाजवायचो. आता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आपल्यालाही असं कुणीतरी मागून ढकलायला हवं होतं. पन्नाशीत निघालोय वाईन प्यायला."

समोर निफाडकडचे एक बागायतदार बसले होते. त्यांना मात्र खरं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. ते हसले. "ताई, ती द्राक्षं खाऊ नका हां. बारका मणी, जाड साल अन् निस्त्या बिया." मग इगतपुरी मागे पडेपर्यंत छाटण्यांवर बोलत राहिले. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याला झोपच नाही, म्हणून दोनदा छाटायचा. एप्रिलात खरड छाटणी, ती काडीसाठी. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, ती फळासाठी. युरोपात सप्टेंबरात द्राक्षं तोडतात तेव्हा आपल्याकडे पाऊस. आपला हंगाम जानेवारी ते मार्च. 'गोडी छाटणी' हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवत होते. कापण्याला इतकं गोड नाव दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल?

नाशिकरोडला उतरून सगळं शहर ओलांडलं, तेव्हा कुठे गंगापूर धरणाच्या बाजूच्या त्या बागा दिसल्या. गर्दी बहुतेक आमच्या मुलांच्या वयाची. पेल्याच्या दांडीला धरायचं असतं, हे शेजारच्या मुलीकडे बघून शिकलो. शेनिन ब्लाँ आवडली, जरा गोडसर, थंडगार. शिराझचा घोट घेतला मात्र, जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आखडली. वन्संनी डोळे मिटून आणखी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आईचं द्राक्षासव!"

खरंच की. सासूबाई गेली कित्येक वर्षं जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतात. तेही आंबवलेलंच, त्यातही मद्यार्क असतोच. फक्त ते औषधाच्या कपाटात, देवघराशेजारी असतं. आम्ही पैसे मोजून पेल्यातून घेतलं आणि त्याला फेस्टिवल म्हटलं.

गाण्यांना रंग चढायच्या सुमारास आम्हाला परतीची तपोवन गाठायची होती. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांच्या वाट्याला सगळ्याच मैफलींचं ध्वनितपासणीपर्यंतचंच संगीत येतं. वाटेत रिक्षा थांबवून दोन किलो थॉमसन द्राक्षं घेतली, खायची. घाट उतरेपर्यंत त्यातली पाव किलो आम्हीच संपवली. पर्समधले अकरा रुपये तसेच होते. ते मी कल्याणला स्टेशनाबाहेरच्या मारुतीच्या पेटीत टाकले.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई जाग्याच होत्या. द्राक्षं डोळ्यांना लावून त्यांनी विचारलं, "दर्शन नीट झालं ना?"

"रांग मोठी होती गं आई," वन्सं चपला काढता काढता म्हणाल्या, "पण झालं."