हो म्हणालो

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

मुलुंडच्या काकांचा दुपारी मेसेज आला. ‘बंड्या काचेला बोट लावलं की येतो ना अजून?’ मी काउंटरवर होतो, समोर पेन्शनवाल्यांची रांग. अंगठ्याने टाइप केलं, ‘हो, लगेच येतो.’ पुढे एक हसरा चेहरा. पाठवलं आणि पुढचं पासबुक हातात घेतलं.

येत नाही. एकवीस दिवस झाले, एकदाही आलेला नाही.

बरं, मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. ‘निघालोच’ म्हणतो तेव्हा अंघोळ व्हायची असते. मग याच ‘हो’ने संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये माझं डोकं का खाल्लं? काकांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, असं ठाण्यापर्यंत ठरवलं. मुंब्र्यापर्यंत ते पटेनासं झालं.

त्या दिवशी काकांकडे त्यांचा माशांचा टँक विकत घ्यायचा म्हणून बघायला गेलो तेव्हा मी मोठा जाणकार बनून गेलो होतो. दोन फूट बाय एक फूट, उंची सव्वा फूट. कोपऱ्यांतलं सिलिकॉन नखाने दाबून पाहिलं. तांब्याचं औषध कधी घातलं होतं का, हेही विचारलं, कारण ते दगडात मुरून बसतं आणि मग गोगलगायी, कोळंबी तग धरत नाहीत. काका प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होते. मग काही न बोलता त्यांनी काचेच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. दगडामागून तो आला. नारिंगी, तीन पांढरे पट्टे, शेपटीपासून डोक्यापर्यंत सगळं अंग हलवत, कुत्र्याचं पिल्लू दारात येतं तसा. ‘सात वर्षं झाली,’ काका म्हणाले, ‘कामावरून आलो की हा असाच.’

घासाघीस करायची ठरवून गेलो होतो. जमलीच नाही. दगड, फेसातून घाण काढणारा स्किमर, दिवा, दोन गोगलगायी आणि बंड्या, सगळं मिळून त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले. म्हणजे खरं तर मी ते येणंच विकत घेतलं होतं. आणि नेमकं तेच ‘छोटा हत्ती’त चढलं नाही.

बाकी सगळं मात्र शिस्तीत आणलं. जुनं पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये, दगड त्याच पाण्यात बुडवून बादल्यांत. दगड सुकले तर त्यांच्यातले जिवाणू मरतात, आणि अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम तेच करतात. जुनी वाळू तिथेच टाकली, तिच्या तळाशी वर्षांची घाण असते. बंड्याची बादली मांडीवर, तिच्यात बॅटरीवरचा पंप फुर्रफुर्र करतोय, असा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास. घरी आल्यावर रिकामी काच व्हिनेगरने पुसली, मिठाची पुटं काढली, मागच्या काचेवरचे कसले कसले डाग ब्लेडने खरवडले. नव्यासारखी झाली. ‘लग्नाची भांडीसुद्धा एवढी घासली नव्हती तुम्ही,’ ही म्हणाली.

पहिला आठवडा अमोनियाने खाल्ला. रोज रात्री परीक्षानळीत थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं राहतंय की हिरवट होतंय ते ट्यूबलाइटखाली बघत बसायचं. ०.२५ दिसलं की दहा लिटर बदला. दहा लिटर आरओचं पाणी, त्यात साडेतीनशे ग्रॅम सागरी मीठ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. ‘मीठ विकत आणता, पाण्यात घालता आणि मग मोरीत ओतता,’ हा हिचा हिशोब, आणि तो चूक नाही. घनता १.०२५ हवी. काकांच्या जुन्या हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटून तो जास्तच दाखवायचा, म्हणून मग रिफ्रॅक्टोमीटर आणला. ऑक्टोबरचा उकाडा, पाणी तीस अंशांवर. चिलर टँकपेक्षा महाग पडतो, म्हणून क्लिपवाला पंखा पाण्यावर रोखला, तेव्हा अठ्ठावीसवर आलं.

हे सगळं त्याच्यासाठी. आणि तो डावीकडच्या दगडामागे, फिल्टरच्या नळीला पाठ घासत. खाणं टाकलं की झपकन येतो, गिळतो, परत. मी रोज रात्री जेवून डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवतो. काका ठेवायचे तसंच, तर्जनी, नख वर. पंधरा मिनिटं. काल ही म्हणाली, ‘देवापुढे एवढा वेळ बसला असतात तर...’ पुढचं वाक्य तिने गिळलं. मला पूर्ण ऐकू आलं.

लोकलमध्ये मग सुचलं ते काही चांगलं नाही. आपल्याला कधी काही कोरं मिळालंच नाही. दादाच्या पँटी, शिंप्याकडून आत घेतलेल्या. दादाची पुस्तकं, गाळलेल्या जागा आधीच पेनाने भरलेल्या. त्यातही चुकीच्या. सायकल त्याची, तिची घंटासुद्धा त्याने वाजवून वाजवून बसवलेली. तारापोरवाला मत्स्यालयात बाबांनी नेलं होतं. १९५१ पासून मरीन ड्राइव्हवर होतं, आता बंदच आहे. तिथे रविवारची गर्दी. दादा बाबांच्या खांद्यावर, मी खाली लोकांच्या पायांत. ‘केवढा कासव आहे बघ!’ दादा वरून ओरडला. तो कासव मी असा ऐकलेला आहे. पुढची कित्येक वर्षं शाळेत मी त्याचं वर्णन पाहिल्यासारखं करायचो.

दादाला टँकचं सांगितलेलं नाही. फ्लॅटचं ते झाल्यापासून... असो.

कोपर स्टेशन गेलं आणि माझं मलाच हसू आलं. बावन्नाव्या वर्षी, चौथ्या सीटवर अर्धा टेकून, मासा ओळख देत नाही म्हणून घशाशी आलंय. शेजारच्याने विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

शिवाय रविवारचं आठवलं. काच साफ ठेवायला म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून दोन शंखवासी खेकडे आणले. दुकानदार आधी डॅमसेल मासे गळ्यात मारत होता, ‘साहेब, मरतच नाहीत.’ डॅमसेल एकदा टँकमध्ये शिरला की बाकीच्यांना जगू देत नाही, एवढं मला ठाऊक आहे. मग हळूच प्रवाळाचा तुकडा दाखवला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मी म्हटलं, खेकडेच द्या. या खेकड्यांना वाढताना मोठे रिकामे शंख लागतात, म्हणून दिवेआगरहून आणलेल्या बरणीतले चार धुऊन टाकले. सोमवारी सकाळी बघतो तर एकाने घर बदललेलं. दुकानातला शंख पडलेला आणि हा आमच्या दिवेआगरच्या शंखात, दुसऱ्या कुणाच्या तरी, ऐटीत. उपमा दोरीवर वाळत घातल्यासारखी समोर लटकतेय. मी काढणार नाही, लटकू दे.

दुकानदाराने आणखी एक सांगितलं. बंड्याला जोडी आणायची तर त्याच्याहून लहान आणा. क्लाउनफिश जन्माला येतात ते नर म्हणूनच. जोडी जमली की थोरला मादी होतो, कारभार त्याच्याकडे, म्हणजे तिच्याकडे. धाकटा लहानच राहतो. थोरल्याच्या अंगाशी बरोबरी होऊ नये, इतपतच वाढतो. हे ऐकून त्या धाकट्याची मला जरा जास्तच काळजी वाटली. सध्या आणत नाही. काकांना कसं सांगायचं हाही प्रश्न आहेच, की तुमचा सात वर्षांचा बंड्या आता बंडी.

घरी येऊन चहा घेतला आणि पुढचा मेसेज. ‘एक छोटासा व्हिडिओ पाठवता का? इथे मुलीकडे करमत नाही.’

आता खरं सांगायला हवं होतं. काका, तो तुमच्याकडे यायचा, माझ्याकडे येत नाही, त्यात माझा दोष नाही. एवढी तीन वाक्यं. दोनदा टाइप केली, दोनदा पुसली. दुसऱ्यांदा पुसताना लक्षात आलं की काकांना बरं वाटावं वगैरे काही नाही. मला हेवा वाटतोय. बंगळुरूला एका खोलीत बसलेल्या माणसाचा. तो काचेला बोट लावायचा आणि कुणीतरी यायचं.

मग जे केलं ते लिहायला हात रेटत नाही. ही स्टुलावर उभी राहून वरून दाणा टाकणार, दाण्याचा हात चौकटीत येणार नाही, मी एका हाताने काचेवर बोट आणि दुसऱ्याने मोबाइल. पहिल्या वेळी तिला हसू आवरलं नाही. दुसऱ्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने दाणा भलतीकडे गेला. तिसऱ्या वेळी जमलं. आठ सेकंद. बोट टेकतं, बंड्या दगडामागून सरळ बोटाकडे. इतकं खरं दिसत होतं की मीच चारदा पाहिलं. पाठवलं.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर पाऊण तासाने.

‘पाणी कमी दिसतंय. पंखा लावलाय म्हणजे रोज लिटरभर उडेल. गोडं पाणी घाला, मिठाचं नको, मीठ उडत नाही. मागच्या काचेवर बाहेरून मी काळी रेघ मारली आहे, बरोबर तिथपर्यंत ठेवा.’

बंड्याबद्दल अवाक्षर नाही.

बॅटरी घेऊन टँकमागे वाकलो. काच लख्ख. ब्लेडच्या बारीक चऱ्यांशिवाय काही नाही. मग आठवलं. त्यातला एक डाग आडवा होता, सरळ, इकडून तिकडे, आणि तो सहजी निघत नव्हता म्हणून त्याला मी दुप्पट व्हिनेगर लावलं होतं.

‘हो, दिसली रेघ,’ असं कळवलं.

हिने कॅलेंडरजवळचा मार्कर आणून दिला. काही न बोलता. लिटरभर आरओचं पाणी ओतलं, जरा थांबलो, आणखी अर्धा मग ओतला, आणि अंदाजाने एक रेघ मारली. थोडी तिरकी आली आहे.