पहाटे चारचं रीडिंग कुठे जायचं

जानेवारीत निफाडचा पारा खाली गेला की द्राक्षवाल्यांना झोप नसते, आणि नेमकं तेव्हाच आमच्या हवामान स्टेशनांचं पहाटे चारचं रीडिंग गायब व्हायला लागलं. एका काकांचा फोन आला, बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाही ते मी तुमच्या आकड्यावर ठरवतो, आकडाच येत नाही. ते ऐकून खरंच वाईट वाटलं.

साडेतीनशे स्टेशनं, सगळी आपलं रीडिंग यूडीपीवर (पोचल्याची पावती न मागणारी नेटवर्क पद्धत) पाठवतात. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारं साधन) लावला तर पॅकेट सर्व्हरवर येताना दिसतंय, नेटवर्क कार्डाचे ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेट) शून्य, पण प्रोग्रॅमला काही मिळत नाही. टीसीपीडंप पॅकेट आयपीच्या थराआधीच बघतो हो, म्हणजे हरवतंय ते त्यानंतर, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात.

लिनक्समध्ये काम झालेलं पॅकेट कन्झ्यूम_एसकेबी या फंक्शनने सोडतात आणि टाकून दिलेलं केफ्री_एसकेबी ने, हा फरक पाळलाय म्हणून तर ड्रॉप शोधता येतात. २००९ पासून ड्रॉप टिपणारा ड्रॉप मॉनिटर आहेच, पण आवृत्ती ५.१७ पासून कर्नल ड्रॉपचं कारणही सांगायला लागला, माझ्या मते नेटवर्कवाल्यांवर हे फार मोठे उपकार आहेत. आमचा ६.१. रात्री कॉलेज रोडच्या खोलीवर पर्फ या साधनाने केफ्री_एसकेबीचा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली नोंद घ्यायची जागा) लावून बसलो आणि चारला ओळींचा पाऊस पडला: प्रोटोकॉल २०४८ (म्हणजे आयपीव्ही४), जागा यूडीपी_क्यू_आरसीव्ही_वन_एसकेबी, कारण सॉकेट_आरसीव्हीबफ. एनस्टॅट या नेटवर्क आकडे दाखवणाऱ्या कमांडमधला आरसीव्हीबफएरर्स हा आकडाही तेवढाच वाढलेला, तो मी आधीच बघायला हवा होता.

म्हणजे सॉकेटचा बफर, प्रोग्रॅमने उचलेपर्यंत पॅकेट ठेवायची जागा, भरला. डिफॉल्ट २,१२,९९२ बाइट, ऐकायला बक्कळ वाटतं, पण चाळीस बाइटच्या पॅकेटमागेही कर्नल स्वतःची रचना धरून साडेपाचशेच्या वर बाइट मोजतो, त्यामुळे चारशे पॅकेटही मावत नाहीत. आणि चारला डेटाबेसचा बॅकअप सुरू व्हायचा, डिस्क अडकायची, आमचा प्रोग्रॅम एकाच थ्रेडमध्ये (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यात) वाचायचा नि लिहायचा, तो लिहिण्यातच अडकून पडायचा आणि सगळी स्टेशनं दहा मिनिटांच्या ठोक्याला एकदम पाठवायची, प्रत्येकी चार पॅकेट.

नुसता बफर वाढवला असता तर दुखणं पुढे ढकललं असतं, म्हणून वाचणारा थ्रेड वेगळा केला, बॅकअप दुपारी नेला, मग बफर ४ एमबी. दुसऱ्या पहाटे ट्रेस लावून बसलो, चार वाजले, सव्वाचार झाले, त्या कारणाची एकही ओळ नाही. काकांना ४:०० चं रीडिंग पाठवलं तर ते जागेच होते. आता स्टेशनांच्या वेळा थोड्या थोड्या मागेपुढे करायच्यात, त्यासाठी बागेबागेत जावं लागणार, रविवारी दिंडोरीकडून सुरुवात करतोय.